मुंग्यांना हिरवी झेंडी

आमचा शेजारी पळसदरीच्या रेल्वे फाटकावर गेटमन होता. बोलताना तो माझ्या पायांकडेच बघायचा आणि पायाखाली मुंगी दिसली की ओरडायचा, "थांब रं!" मला वैताग यायचा.

एका दुपारी काळ्या मुंग्यांची फौज बांधावरून थेट माझ्या घरात शिरली. मी डीडीटीचा डबा उचलला, तर हा उंबऱ्यावर हात पसरून उभा, गाडी येताना बैलगाड्या अडवतो तसा.

"तुज्या चौकटीत वाळवी हाय. तिच्यावर धाड हाय ही. जाऊ दे!"

दोन वर्षं माझं लाकूड पोखरणारी वाळवी तासाभरात बाहेर आली, मुंग्यांच्या जबड्यांत. रांग परत निघाली तेव्हा त्यानं हिरवी झेंडी काढली आणि शेवटची मुंगी जाईपर्यंत ताठ धरून ठेवली.

डबा पाठीमागे लपवून मीही त्याच्याशेजारी ताठ उभा राहिलो.