हवामानवालीची मनगटं

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. बोलून सांगणं मला जमायचं नाही, म्हणून कागद घेतला.

या गोष्टीला महिना होऊन गेला. सकाळी बांगड्यांचं दुकान उघडत होते, तेवढ्यात आळीतली एक बाई घाईने आली आणि म्हणाली, "शकूबाई, माईंनी बोलावलंय. हिरवा चुडा घेऊन या." आम्हा कासारांना एवढं पुरतं. घरात लग्न नाही, डोहाळजेवण नाही, आणि सकाळी सकाळी हिरवा चुडा मागवला, म्हणजे सवाष्ण गेली. त्या घरात सवाष्णी दोनच. माई आणि त्यांची सून मीनल. निरोप तर माईंचाच होता...

मीनलला सगळी पंचवटी हवामानवाली म्हणायची. गावात केबल नवी आली तेव्हा एका केबलवाल्याने स्वतःचं चॅनल काढलं होतं. संध्याकाळी गावच्या बातम्या आणि शेवटी पाच मिनिटं हवामान, ते मीनल सांगायची. केबलवाला आधी लग्नाच्या कॅसेटी काढायचा. नवरानवरीच्या मागे काश्मीरचे डोंगर दाखवायला त्याच्याकडे एक हिरवा पडदा होता. समोर जे जे हिरवं असेल ते मशीन पुसून टाकायचं आणि तिथे दुसरं चित्र बसवायचं. मीनल त्याच पडद्यापुढे उभी राहायची. आम्हाला घरी तिच्या मागे महाराष्ट्राचा नकाशा दिसायचा, तिच्या मागे मात्र नुसतं कापड. समोरच्या लहानशा टीव्हीत बघत ती हात फिरवायची आणि बोट बरोबर देवळा तालुक्यावर जाऊन टेकायचं.

ती हे काम लग्नाआधीपासून करायची. लग्न होऊन आमच्या आळीत आली तेव्हा तिचा हिरवा चुडा मीच भरला. माईंनी तिथेच बजावलं, "आपोआप वाढेपर्यंत उतरायचा नाही." बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. रजा संपवून मीनल पहिल्यांदा कामावर गेली, त्या संध्याकाळी माईंनी आळीतल्या बायकांना मुद्दाम टीव्ही बघायला बोलावलं. मीही गेले, दाराशी बसले. मीनलने हसून नमस्कार केला आणि घरात एकच ओरडा झाला. तिला मनगटंच नव्हती! पंजे एकीकडे, हात एकीकडे आणि मधे नकाशा. हात वर केला की मनगटात विदर्भ, खाली आणला की कोकणचा समुद्र. तिलाही समोरच्या टीव्हीत ते दिसत असणार, पण कार्यक्रम सुरू झालेला, ती बोलतच राहिली. पोरं हसून लोळायला लागली. एक बाई म्हणाली, "माई, सुनेच्या हातात पाऊस पडतोय बघा!" माईंनी उठून टीव्ही बंद केला. नव्या नवरीचे हात असे तुटलेले दिसले, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी केबलवाला घरी आला. "वहिनी, तेवढ्यापुरत्या बांगड्या उतरवा, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." मीनलच्या नवऱ्याने पडदा बदलायला सांगितलं, तर तो म्हणाला, "निळा लावला की निळ्या साड्या बंद, लाल लावला की कुंकू गायब. किती पडदे बदलू?" माई म्हणाल्या, "मग बघा दुसरी. माझ्या मुलाच्या आयुष्याचा चुडा आहे तो."

संध्याकाळी मीनल दुकानात येऊन बसली. म्हणाली, "शकूताई, मला हे काम सोडायचं नाही. त्या पाच मिनिटांत मला मधेच कुणी चहा टाकायला सांगत नाही." तिचं लक्ष काळे मणी ओवायच्या दोऱ्यांकडे गेलं. त्यातलं लाल रेशीम उचलून ती म्हणाली, "बांगडी हातात असताना हे तिच्यावर गुंडाळता येईल?"

त्यांच्या घरी माईंच्या समोर बसूनच मी गुंडाळायला घेतलं.

"आणि हिरवं कुणाला दिसणार?" माईंनी विचारलं.

"ज्याला दिसायला हवं त्याला दिसेल की, माई. चुडा उतरला तर नाही ना?" मीनल म्हणाली.

"तोंड भारी चालतं हिचं." माई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, "नीट गुंडाळ गं. मधेच हिरवा दिसला तर परत तमाशा."

त्यानंतर मीनल कितीतरी वर्षं त्या पडद्यापुढे उभी राहिली. एखादी बांगडी वाढली, दोरा विटला, की माझ्याकडे यायची. हवामानाचा कागद मुंबईहून यायचा, पण तो वाचायच्या आधी ती गच्चीवर जाऊन आभाळ बघून यायची. कागदावर कोरडं हवामान असलं तरी शेवटी म्हणायची, "पण आत्ता रामशेज किल्ल्याच्या बाजूला काळं दिसतंय, वाळत घातलेले कपडे आत घ्या." द्राक्षं तयार व्हायच्या दिवसांत ती ढग दाखवताना हसायची नाही. भाजीबाजारात लोक तिला अडवायचे. एकदा एक द्राक्षवाला माझ्यादेखत म्हणाला, "काय वो ताई, काल ऊन सांगितलं आन् रात्री लय धुतलं!" ती म्हणाली, "दादा, मी फक्त दाखवते हो, पाठवत नाही." तो हसला. पण घरी येताना ती सारखी वर आभाळाकडे बघत होती.

पुढे मुंबईची मोठी चॅनलं आली, त्यांच्यावर ढग आपोआप सरकायला लागले. गावचं चॅनल बंद पडलं. मीनल दोरा सोडवून घ्यायला आली. शेवटची बांगडी मोकळी झाल्यावर तिने हात उजेडात धरून उलटसुलट बघितले. माईंना आता बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्या दिवशी बातम्यांची वेळ झाली तशा रोज टीव्हीपुढे बसणाऱ्या माई उठून देवळात गेल्या, आणि नंतरही त्या वेळेला कधी घरात थांबल्या नाहीत. मग मीनल आजारी पडली. दोन वर्षं तिने सोसलं.

त्या निरोपाच्या सकाळी मी तिचा चुडा भरला. मनगटं इतकी बारीक झालेली की तेलही लागलं नाही. बायकांनी ओटी भरली. बाहेर पुरुषमाणसं तयारी करून उभी होती. उशाशी बसलेल्या माई म्हणाल्या, "दोरा आणलास?"

मला आधी कळलंच नाही.

"लाल दोरा. जा, घेऊन ये."

"माई, आता कशाला?" एक बाई म्हणाली. "सगळे खोळंबलेत."

"खोळंबू दे. माझी सून मनगटाशिवाय जायची नाही."

मी धावत जाऊन रेशीम आणलं. एक हात मी घेतला. दुसरा माईंनी स्वतःच्या मांडीवर घेतला आणि गुंडाळायला लागल्या. दोरा सरकला की तो सोडून त्या पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायच्या. बाहेरून कुणीतरी हाक मारली. माईंनी मान वर केली नाही. त्यांच्याकडची एक बांगडी अजून व्हायची होती.