मस्कतहून येणारं खोकं

भाऊ मस्कतला नोकरीला होता आणि तिथेच एका पहाटे झोपेत वारला. देह विमानाने आला, भोईवाड्याच्या स्मशानात अग्नी दिला, सामान मात्र मागे राहिलं. त्याच्यासोबत राहणाऱ्या मित्राने फोन केला की कपडे, चष्मा, मोबाइल असं सगळं एका खोक्यात भरून कुरिअरने पाठवतोय. पार्सलचा नंबरही त्याने मला पाठवला. मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यांना ‘बरं’ एवढंच म्हणत होते. रडू येत नव्हतं, भूक मात्र वेळच्या वेळी लागायची, आणि त्याची मला लाज वाटायची.

आईला ते खोकं हवं होतं. दुसरं काहीच नको होतं. भाऊ वारल्याचं ती तोंडातून काढत नव्हती. भेटायला आलेल्यांना चहा द्यायची आणि मस्कतला यंदा उकाडा फार आहे असं सांगायची. मी दादरला एका दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आत तिचा एकच प्रश्न असायचा, खोकं कुठवर आलं.

मग मेसेज आला. ‘प्रिय ग्राहक, पत्ता अपूर्ण असल्याने आपले पार्सल गोदामात अडकले आहे. लिंक उघडून पत्ता भरा.’ दुसऱ्या कुणी तो पुसून टाकला असता. पण आमची घोडपदेवची चाळ पुनर्विकासासाठी पाडलेली, आम्ही परळच्या संक्रमण शिबिरात, आधार कार्डावर जुना पत्ता, बँकेत तिसराच. आमचा पत्ता खरोखरच धड नव्हता. मी लिंक उघडून खोली नंबर भरला, पिनकोड भरला. पुढच्या पानावर किरकोळ शुल्कासाठी कार्डाचा नंबर मागितला तेव्हा थांबले. शहाणपणा वगैरे काही नाही, पर्स खुंटीला होती आणि उठायचा कंटाळा आला होता.

बसल्या बसल्या मेसेज पुन्हा वाचला. त्यात माझं नाव नव्हतं, पार्सलचा नंबर नव्हता, आणि आला होता कुणाच्या तरी साध्या मोबाइल नंबरवरून. मग मी कुरिअर कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडली आणि मित्राने दिलेला नंबर टाकला. खोकं अजून मस्कतमधूनच हललं नव्हतं. मेसेज पाठवणाऱ्यांना माझा भाऊही माहीत नव्हता आणि त्याचं खोकंही. दिसेल त्या नंबरावर पाठवत सुटायचं, कुणी ना कुणी कशाची तरी वाट बघत असतंच.

राग यायला हवा होता, आला नाही. नंबर ब्लॉक केला आणि आईला समोर बसवून पढवलं. लिंक उघडायची नाही. फोनवर कुणी सांगितलं म्हणून ॲप घ्यायचं नाही. मोबाइलवर आलेला कोड फोनवर कुणाला सांगायचा नाही, दारात आपलं पार्सल डोळ्यांनी बघूनच द्यायचा. आणि कुणी घरातल्यांची नावं घेतली तरी भुलायचं नाही, नावं काय, कुठूनही मिळतात. तिने मान डोलावली आणि खोकं कुठवर आलं ते विचारलं.

काही दिवसांनी दवाखान्यात बसल्या बसल्या वेबसाइट बघितली. ‘ग्राहकाने पार्सल स्वीकारण्यास नकार दिला. उद्या पुन्हा प्रयत्न.’ ते मी दोनदा वाचलं आणि पुढच्या पेशंटला आत सोडलं.

घरी आले तर आई मेथी निवडत होती आणि बऱ्याच दिवसांनी तरतरीत दिसत होती. तिने चोर पकडला होता. दुपारी एक माणूस खोकं घेऊन दारात आला आणि कोड मागायला लागला. मी शिकवल्याप्रमाणे तिने आधी खोकं बघितलं. मग कुणी पाठवलं ते विचारलं. त्याने चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवलं आणि म्हणाला, तुमच्या मुलाने पाठवलंय. सामान भावाचं म्हणून मित्राने पाठवणाऱ्याच्या जागी त्याचंच नाव घातलं होतं.

चारचौघांत आई नीट मराठी बोलते, घरात मालवणी.

“मी सांगलंय तेका,” ती म्हणाली, “माझो झील वारलो. तो खयसून पाठवतलो?”

एवढं सांगून तिने दार लावून घेतलं होतं. आम्हाला जे तिच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं आणि ऐकायची भीतीही होती, ते तिने एका अनोळखी माणसाला उंबऱ्यात उभं करून सांगितलं होतं. मी तिच्यासमोर खाली बसले. ते खोकं खरंच त्याचं होतं, तो माणूस चोर नव्हता, हे तिला सांगावं लागलं. उद्या तो पुन्हा येईल, हेही सांगितलं.

तिने हातातली जुडी संपवली. देठं एका बाजूला केली.

“उद्या इलो तर तू घे,” ती म्हणाली. “माका परत सांगूक जमाचा नाय.”