उजव्या डोळ्यातला फुगवटा

धुकं इतकं दाट होतं की सिमेंटच्या गोण्याही दमट झाल्या होत्या. फरशी बसवणारा थोरला भाऊ कामावर पोचला आणि नव्या स्वयंपाकघराच्या दारातच त्याचं डोकं फिरलं. धाकट्याने काल बसवलेली ओळ मधेच पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती.

"ही ओळ आहे का गांडूळ?"

सगळे कामगार थोरल्याला ओळंबा म्हणत. तिरपं काही त्याला खपतच नसे. धाकटा तोंड उघडेपर्यंत त्याने छिन्नी घातलीसुद्धा. चांगल्या धडधाकट फरशांचे तुकडे उडाले.

धाकट्याने हातातली बादली आपटली. "दादा, डोकं ठिकाणावर आहे का? आधी दोरी तरी लाव!"

त्याने उरलेल्या ओळीवर दोरी धरली. कडेला कड लागली.

"ढिली धरलीस."

"मग तूच धर की!"

थोरल्याने स्वतः दोरी ताणली. दोरीलाही पोट आलं. ताणलेल्या दोरीला पोट? तो उजवा डोळा चोळायला लागला.

"उजवा डोळा झाक," धाकटा म्हणाला. "आता?"

"सरळ आहे."

"आता डावा झाक."

थोरल्याने डावा झाकला. दोरी पुन्हा वाकली.

"कधीपासून?"

"झाले काही आठवडे. डाव्याने भागत होतं. म्हटलं, चष्मा बदलला की जाईल."

"आणि शिव्या मला! वहिनी घसा फोडून सांगत होती, डोळे दाखवा म्हणून!"

धाकट्याने त्याला तसंच, सिमेंटच्या हातांनी, दवाखान्यात नेलं. वहिनीलाही बोलावून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून पाहिले. "डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध पाणी झिरपतंय. चष्म्याने जाणार नाही. सुरुवात आहे, इंजेक्शनं घेत राहिलात तर आहे ती नजर राखता येईल. टाळाटाळ केलीत तर हा डोळा कामातून जाईल."

"डोळ्यात सुई? मी काय उशी आहे?"

"उशी निदान मुकाट ऐकून घेते!" बायको कडाडली. "वर्षातून एकदा डोळे तपासा म्हटलं, तर खेकसलात. सिगारेट सोडा म्हटलं, तर तोंड फिरवून दुसरी पेटवलीत. संमतीच्या कागदावर करा सही."

त्याने सही केली, कागद फाटेल इतक्या जोराने. बाईंनी बजावलं, "सिगारेट आजपासून बंद. रोज एकेक डोळा झाकून सरळ रेघा बघायच्या. जास्त वाकल्या तर लगेच यायचं."

"जन्म गेला माझा रेघा बघण्यात," तो गुरगुरला.

सुई टोचून झाली. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर तो कामावर परतला. तुकडे तसेच पडले होते. धाकटा अजून घुश्शातच होता.

"मी तोडल्या, मीच काढतो," थोरला म्हणाला. मग कुणी मानगूट धरल्यासारखा म्हणाला, "ओळ तू बघ."

"बघतोच. आणि पुढची सुई चुकवलीस तर दवाखान्यात फरफटत नेईन."

"बडबड पुरे. घमेलं दे इकडे."

तो उकिडवा बसला आणि चिकटलेला सिमेंटचा माल खरवडायला लागला.