भिंतीपलीकडचं सबस्टेशन

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून विजेचं सबस्टेशन आहे. गल्लीतली निम्मी माणसं शिरोली एमआयडीसीत कामाला, त्यामुळे त्या घूं आवाजाचं कुणाला काही वाटत नसे. मला विजेतलं ओ की ठो कळत नाही. पण त्याच्याविरुद्ध पहिलं तोंड उघडलं ते मीच.

कारण माझी सून. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट पडलं. दुसऱ्या वेळी भेटायला आलेली माझी नणंद, सून आतल्या खोलीत पडलेली असताना, तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पोरीतच काय खोट हाय का बघा की." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "खोट पोरीत न्हाय, त्या सबस्टेशनात हाय." कुठंतरी कानावर आलेलं ठोकून दिलं झालं. नणंद गप्प बसली. मग जो कुणी विचारील त्याला मी तेच ऐकवू लागले.

इतकं ठासून सांगितलं, की गल्लीच घाबरली. लेकुरवाळ्या बायकांनी तक्रार केली. एका संध्याकाळी वीज कंपनीची तरुण इंजिनिअर मोबाइलएवढं यंत्र घेऊन आली. संध्याकाळी घरोघरी वापर वाढतो, तेव्हा चुंबकीय क्षेत्रही वाढतं, म्हणून हीच वेळ धरली म्हणाली. कुंपणापाशी, भिंतीपाशी, सुनेच्या पलंगापाशी तिनं यंत्र धरलं. मागं अर्धी गल्ली. मी मनात म्हणत होते, वाढ बाबा, थोडा तरी वाढ. आकडा हलेना. मग तिनं मिक्सर लावायला सांगितला, आणि त्याच्याजवळ आकडा टुणकन वर गेला.

"बघा, सबस्टेशनपेक्षा तुमचा मिक्सरच जास्त दाखवतोय. सगळं मर्यादेच्या खूप आत आहे, निर्धास्त राहा," ती हसून म्हणाली. बिचारी चांगलंच सांगत होती. बायकाही हसल्या. जाता जाता शेजारीण मला म्हणाली, "मग सुनंला चांगल्या डॉक्टरला दाखवा की." सून तिथंच उभी होती.

सगळे गेल्यावर ती ओट्यावरचा मिक्सर पुसत राहिली. मला तिच्याकडं बघवेना.

"आत्ती," ती म्हणाली, सासूला ती आत्तीच म्हणते, "तुम्ही बोलाय लागल्यावर मी डॉक्टरांना इचारलंतं, त्यांनी तवाच सांगितलंतं, सबस्टेशनचा काय संबंध न्हाय म्हणून. पर तुम्ही सगळ्यांशी एवढं भांडायचा, की मलाबी खरं वाटाय लागलं. जरा झोप लागायची."

इतके दिवस मला वाटत होतं, मी फक्त पाहुण्यांची तोंडं बंद करतेय.

"आता कुणी इचारलं तर काय सांगायचं?" तिनं विचारलं.

मी खाली बसून रडले, आणि पाण्याचा तांब्या तिनंच माझ्यापुढं धरला.