उतरणारा आकडा

कनिशाय एजेची उमेदीची सगळी वर्षं लोकरीच्या गिरणीत गेली. धुतलेली लोकर जिथे वाळवतात त्या खोलीवर तिची नेमणूक होती. खोली गार पडली तर लोकर कुबट होते, फार तापली तर पिवळी पडते. हे दोन्ही होऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. पुढे गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली आणि एजे आमच्या कार्यालयात साफसफाईला लागली. वयाने मोठी म्हणून आम्ही सगळेच तिला एजे म्हणजे थोरली बहीण म्हणायचो.

आमचं कार्यालय नदीवर लक्ष ठेवणारं. वर डोंगरात बर्फ किती वितळतंय यावरून खालच्या वस्तीला पुराचा अंदाज द्यायचा. वरच्या ठाण्यांवरून फोनने पाण्याची उंची यायची, ती मी घ्यायचे. पुढचा सगळा हिशोब सर्व्हरच्या खोलीत व्हायचा. तिथे दोन जुन्या मशिनी होत्या आणि त्यांचा मालक, म्हणजे स्वतःला तसा समजणारा, आमचा इंजिनियर मेदेर.

त्या खोलीवर नजर ठेवणारा म्हातारा निवृत्त झाला तेव्हा मेदेर एजेला म्हणाला, "एजे, तुम्हाला तापमान कळतं ना? मग बसा इथे."

"मला लोकरीचं कळतं बाबा. ह्यांच्या अंगावर लोकर कुठाय?"

"लोकर नाही, पोटात प्रोसेसर आहे. हा स्क्रीनवरचा आकडा त्याचा ताप. ऐंशीच्या वर गेला तर मला हाक मारायची. आणि खोली फार गारही करू नका, दव धरतं. दव धरलं की मशीन मेलंच म्हणून समजा."

एजेला ते पटलं. फार गरम नको, फार गार नको. गिरणीतलंच काम, फक्त इथे वास नव्हता.

मग वसंतात तिसरी मशीन आली, नवी कोरी. मेदेरने ती जोडली, तिचा आकडा जुन्यांच्या शेजारी स्क्रीनवर आणला आणि खूश झाला. जुन्या साठीच्या आसपास असायच्या, ही पन्नासच्या. काम दिलं की जुन्यांचा आकडा चढायचा, हिचा उतरायचा.

"काम केलं की गार होते?" एजेने विचारलं.

"नवी आहे ना. पंखे जोरात फिरतात, म्हणून," मेदेर म्हणाला. त्याने स्वतःलाही तसंच समजावलं असणार.

जूनमध्ये ऊन असं पडलं की बर्फ वितळून डोंगर डोळ्यांदेखत काळे व्हायला लागले. नदी गढूळ झाली, तिच्यातून दगड गडगडत जाताना ऐकू यायचे. आमचे साहेब तुर्सुनबाय यांनी सकाळीच हुकूम सोडला: सगळ्या खोऱ्याचा हिशोब नव्या मशीनवर लावा, खालची आळी हलवायची की नाही ते मला सांगा. खालच्या आळीत एजेचं घर होतं. सासू तिथेच होती.

हिशोब सुरू झाला आणि आकडा उतरायला लागला. चाळीस, तीस, वीस. एजे मशीनच्या मागच्या हवेत हात धरून बघून आली आणि मेदेरला म्हणाली, "अरे, मागून भट्टीसारखी हवा येतेय. आणि आकडा तर उतरतोय."

"बाहेरचं ऊन बघा एजे. हवा तापलीय. आकडा मशीनच्या पोटातला असतो."

वीसच्या खाली गेल्यावर एजेला दवाची आठवण झाली. तिने दोनपैकी एक एसी बंद केला. आकडा वर यायचा सोडून आणखी खाली गेला. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. चेहरा असा, की जणू भाषाच विसरलीय.

"झारकिन, गार हवा बंद केली तर एखादी वस्तू जास्त गार होते का गं?"

"मला काय विचारता एजे? माझा एका ठाण्याचा फोन लागत नाहीये."

मेदेर आला. जुन्या मशिनी आता सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. एकाच खोलीत दोघी तापलेल्या, तिसरी गारठलेली.

"त्या म्हाताऱ्या आहेत, त्यांना सगळंच गरम होतं," तो म्हणाला. "पण ही... दुसराही एसी बंद करून बघू."

केला. आकडा नऊ झाला, पाच झाला, दोन झाला. मग पंखे एकदम थांबले आणि नवी मशीन बंद पडली. हिशोब अर्ध्यावर गेला.

तुर्सुनबाय दारात आले. "पाणी येणार की नाही?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "वरून काय म्हणतात?"

"वाढतंय म्हणतात. एक ठाणं मुकं आहे, ओढ्यावरचं."

"म्हणजे काहीच माहीत नाही," साहेब म्हणाले. "मग खालची आळी शाळेत हलवा."

एजे घराकडे धावली, मीही तिच्यामागे. सासू बुबूकान आजी अंगणात ताक घुसळत बसली होती. ती हलेना.

"तुझ्या मशीनने सांगितलं का पाणी येणार म्हणून?"

"मशीन बंद पडलंय, आई."

"मग मी कशाला उठू?"

"मशीन बंद पडलंय म्हणूनच उठा!"

"हे बरंय. बोललं तरी उठा, गप्प बसलं तरी उठा. तुझा सासरासुद्धा असाच होता."

शेवटी कोंबड्या आधी नेल्या, तेव्हा आजी कोंबड्यांच्या मागे आली.

आजीला शाळेत बसवून आम्ही परतलो. मेदेरने खिडक्या सताड उघडल्या होत्या, एसी पुन्हा लावले होते. त्याने मशीन सुरू केली. आकडा आला अठ्ठावन्न.

"रिकामी बसून तापली?" एजे म्हणाली. "मेदेर, माझं डोकं फिरलंय की हिचं?"

मेदेरने मशीन विकणाऱ्यांना राजधानीत, बिश्केकला फोन लावला. पलीकडे एक बाई होती. तिचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "तो ताप नाहीये. प्रोसेसर जळण्याच्या सीमेपासून किती लांब आहे, ते अंतर आहे. ते शून्याच्या जवळ आलं की प्रोसेसर आधी मंदावतो, आणि तरी भागलं नाही तर स्वतःला बंद करून घेतो. तुमच्या जुन्या मशिनी ताप दाखवतात, ही शिल्लक दाखवते."

मेदेर कानापर्यंत लाल झाला. एजे खुर्चीवर बसली.

"म्हणजे पोर तापाने फणफणलेलं," ती हळूच म्हणाली, "आणि मी त्याच्यावर घोंगड्या घालत होते."

हिशोब पुन्हा लावला. संध्याकाळच्या आत उत्तर आलं: खालच्या आळीला धोका नाही. साहेबांनी कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. शाळेत लोक चिडलेले, गुरं दोरांना ओढ देणारी. आता त्यांना काय सांगायचं?

ते सांगायला माणूस निघाला तेव्हाच खालून ओरडा झाला. ओढा फुटला होता, तोच मुक्या ठाण्याचा. त्याची उंची हिशोबात गेलीच नव्हती. आळीतल्या शेवटच्या घरांत कमरेपर्यंत चिखलाचं पाणी शिरलं. बुबूकान आजीची चूल वाहून गेली. माणूस मात्र एकही गेलं नाही.

मशीन मध्येच बंद पडली नसती, तर दुपारीच "धोका नाही" म्हणून कागद आला असता, आणि साहेबांनी तो मानला असता. हे कार्यालयात सगळ्यांना कळलं होतं. साहेबांनी एजेला ना शाबासकी दिली, ना ठपका ठेवला. कशाबद्दल काय द्यायचं हेच त्यांना ठरवता येईना.

आजीला मात्र काही अडचण नव्हती. ती आळीभर सांगत सुटली, "माझ्या सुनेने मशीन बंद पाडलं म्हणून आपण जगलो." लोक एजेसाठी दही आणायचे, भाकरी आणायचे. एजे भांडं घ्यायची आणि म्हणायची, "अहो, मी चुकले होते." लोक म्हणायचे, "बघा, किती नम्र आहे!"

एकदा चहा घेताना ती मला म्हणाली, "झारकिन, मला रागावलं असतं ना कुणी, तर बरं वाटलं असतं. हे दही घशाखाली उतरत नाही."

मी म्हटलं, "मग मला द्या."

तिने भांडं माझ्याकडे सरकवलं आणि उठून ओढ्याच्या ठाण्याला फोन लावला. ते काम तिचं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यापासून रोज सकाळी तो फोन तीच लावते.