क्लचखालचा रबराचा तुकडा

टायर कापल्याचा वास आला की मला राजूरचा घाटच आठवतो. माझी उंची कमी, त्यामुळे क्लच पार खाली दाबायचा तर पोट स्टिअरिंगला टेकायचं आणि चढावर गाडी हमखास बंद पडायची. शेवटी मेकॅनिक म्हणाला, "ताई, क्लच त अर्ध्यातच सुटून राह्यला, तुम्ही पाय खालपर्यंत काऊन ताणता?" आणि पेडल तिथेच थांबावं म्हणून त्याने जुन्या टायरचा जाड तुकडा खाली बसवून दिला. आमचे हे भडकले, "गिअरबॉक्सची वाट लागन!" त्याच रविवारी घाटात, ऐन वळणावर पुढची एसटी थांबली, मागे कापसाचा ट्रक अगदी चिकटून उभा. ह्यांनी हँडब्रेक गच्च धरला, "उतर, मी घेतो." मी कशाला उतरते! पेडल तुकड्याला टेकलं, पहिला गिअर अलगद पडला, ह्यांच्या हाताखालचा हँडब्रेक मीच सोडला आणि गाडी बोटभरही मागे न सरकता सरसर वर निघाली. परवा ती गाडी विकली. गिऱ्हाईक चावी घेऊन बसलंही, तेवढ्यात आमचे हे दुखरे गुडघे सावरत फाटकापर्यंत धावले, "थांबा भाऊ, क्लचखालचा तुकडा आमचा हाय, नव्या गाडीले लागते!"