भावोजींची नव्वद मिनिटं

माझे धाकटे दीर एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. पुढे काउंटरवर गिऱ्हाईक एकेक फ्रेम चढवून आरशात तोंड वाकडं करून बघत असायचं, आणि मागच्या अरुंद खोलीत भावोजी फिरत्या दगडावर काच धरून तिचा काठ उतरवत बसलेले असायचे. एकतीस वर्षं हेच काम. काच फ्रेममध्ये दाबून बसवायची नाही, ती आपणहून बसली पाहिजे, असं ते म्हणत. बसली नाही तर पुन्हा दगडावर. मालक ओरडायचे, "अहो, गिऱ्हाईक म्हातारं होईल तोवर!" त्यावर हे आतून म्हणायचे, "मग नंबर बदलेल. नवीन काच करू."

त्यांनी लग्न केलं नाही. माझे यजमान गेले तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. महिनाभरातच भावोजी एक पत्र्याची पेटी, एक टेपरेकॉर्डर आणि चार खोकी घेऊन आमच्याकडे राहायला आले. पेटीत कपडे होते, खोक्यांत गाणी.

त्या गाण्यांना इंडी रॉक म्हणतात हे मला पुढे लेकीनं सांगितलं. तोवर मी डायरीत 'भावोजींचा गोंगाट, सहा ते सात' एवढंच लिहीत असे. कुठल्याही मोठ्या कंपनीनं दारात उभी न केलेली चार पोरं एखाद्या तळघरात जमतात, आपली गाणी आपणच करतात, त्यांच्या शे-दोनशे प्रती काढतात आणि जगभरातली भावोजींसारखी माणसं पत्रं लिहून त्या मागवतात, असा तो प्रकार. माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं. तिथे आम्ही पियानोच्या साथीवर उभ्यानं गायलो होतो, पाठ ताठ, तोंड उघडं. या पोरांना कुणी ताठ उभं राहायलाच शिकवलं नव्हतं असं वाटायचं.

संध्याकाळी सहाला दुकानातून आले की भावोजी चहा घेत आणि टेप लावत. माझी मुलगी, तिला ते बारकी म्हणत, फरशीवर पालथी पडून ऐकायची. एक गाणं संपलं की दुसरं लावायच्या आधी त्यांचं बोलणं ठरलेलं.

"बारके, आता जो ड्रम वाजवतोय ना, तो पोस्टमन आहे."

"कशावरून?"

"तीनदा ठोकतो आणि निघून जातो. ऐक."

मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "भावोजी, गाणं संपलं की दुसरं लावा की. मध्ये तुमचं प्रवचन कशाला?"

"वहिनी, घास गिळायला पाणी लागतं."

बारकी मोठी झाली, नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. तिच्या जुन्या मोटारीत कॅसेटच वाजायची. तिनं ती मोटार त्यासाठीच बदलली नव्हती, असं माझं मत आहे.

मग भावोजींचा आवाज बसला आणि तो काही केल्या सुटेना. तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.  घरी येताना भावोजी जिन्यात थांबून म्हणाले, "वहिनी, नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आहे का हो घरात?"

बारकीसाठी आवडती गाणी एकत्र करायची, सगळी एका कॅसेटवर. आणि प्रत्येक गाण्याआधी आपण बोलायचं. पूर्वी कधी त्यांनी स्वतःचा आवाज टेप केला नव्हता. गरजच नव्हती, माणूस समोर असायचा.

गाणी निवडण्यातच आठ दिवस गेले. यादी करायची, खोडायची. "हे घेतलं की ते रुसतं," असं म्हणत कपाळ धरून बसायचे. शेवटी बावीस ठरली, दोन रुसलेली बाजूला राहिली. माझं काम मोजण्याचं. यजमानांच्या घड्याळाला सेकंदकाटा आहे. मी ते समोर ठेवून प्रत्येक गाण्याची मिनिटं आणि सेकंद डायरीत उतरवून घेत होते. भावोजी माइक तोंडाशी धरून बोलत, मध्येच खोकत, हसत, पुन्हा बोलत. आवाज खरखरीत झाला होता. दोन-तीनदा मला म्हणाले, "हे कच्चं समजा, वहिनी. सगळं झालं की परत नीट बोलतो."

शेवटचं गाणं एका बाईनं आपल्या स्वयंपाकघरात बसून म्हटलेलं, सहा मिनिटांचं. तिचं गाणं थांबतं आणि नुसती गिटार उरते. नेमकी तिथेच कॅसेट खट्कन संपली. पन्नास सेकंद कमी पडले.

"इथंच तर ती खरी येते हो," भावोजी म्हणाले, आणि इतके हिरमुसले की रुग्णालयातलं सगळं बोलणं ऐकतानाही ते मला तसे दिसले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. जागा रिकामी झाली आहे, उद्या सकाळी दाखल व्हा. परत नीट बोलणं राहून गेलं. वॉर्डाच्या दारात ते मला म्हणाले, "शेवटचं तेवढं पुरं येऊ दे, वहिनी. तुमच्या हातचं काम म्हणजे बघायला नको." एवढं बोलून आत गेले.

आमच्या शाळेत एक कच्ची वही असे आणि एक पक्की. कच्चीत खाडाखोड चाले. पक्कीत उतरवलं की कच्चीची पानं फाडून टोपलीत टाकायची, म्हणजे दोन्हींचा घोळ होत नाही. सिस्टर दारात उभ्या राहून टोपली बघायच्या. मी सत्तरीला आले तरी वाणसामानाची यादीसुद्धा तशीच करते.

भावोजी ऑपरेशनच्या टेबलावर होते तेव्हा मला आत बसू देत नव्हते. मी घरी आले आणि शेजाऱ्यांचा दोन कॅसेटांचा टेप मागून आणला. पन्नास सेकंद काढायचे होते. सगळं बोलणं मिळून साडेनऊ मिनिटं होत होतं, तेही त्यांनीच कच्चं ठरवलेलं, खोकल्यानं भरलेलं. ते मी गाळलं. मग एवढी जागा झाली की ती रुसलेली दोन गाणीसुद्धा बसली. दोन गाण्यांमध्ये दोन-दोन सेकंदांची जागा सोडली. शेवटचं गाणं पुरं आलं, वर दोन सेकंद उरले. माझ्या सुवाच्य अक्षरात चोवीस गाण्यांची यादी लिहून डबीत घातली. मूळ कॅसेट नुसतीच रेकॉर्डिंगला लावून दोन्ही बाजूंनी कोरी केली, त्यांना पुढे कधी लागेल म्हणून. त्या दिवशी डायरीत 'काम चोख झाले' असं लिहिलं आहे.

भावोजी घरी आले तेव्हा गळ्याला पट्टी आणि खिशात चिटोऱ्यांचं पॅड होतं. बारकी रजा घेऊन आली होती. दुपारी ते झोपले असताना तिनं कॅसेट लावली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं सुरू झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं.

"आई, काका कुठे बोलला?"

"म्हणजे?"

"फोनवर म्हणाला होता मला. प्रत्येक गाण्याआधी बोललोय, आता जन्मभर माझी बडबड ऐक, सुटका नाही तुझी."

"अगं, ते कच्चं होतं. सारखा खोकला..."

"असू दे. ती कॅसेट दे."

मी आणून दिली. तिनं ती दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकली, दीड तास. सुं असा आवाज येत होता, बाकी काही नाही. मग म्हणाली, "तुझ्या डायरीत असेल ना काहीतरी? तू तर सगळं लिहितेस."

मीच डायरी उघडून दिली. 'गाणे सहावे, ३ मि. ४१ से. बोलणे ३१ से. खोकला दोनदा.' 'गाणे सातवे, ४ मि. ०५ से. बोलणे १८ से.' अशा बावीस ओळी. त्यात शब्द एकही नाही. मी समोर बसून ऐकत होते, पण माझं लक्ष काट्याकडे होतं. आता आठवायला गेले तर पोस्टमन आठवतो, आणि तो वीस वर्षांपूर्वीचा.

बारकीनं डायरी मिटली. "खोकला पण मोजलास गं," एवढंच म्हणाली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

भावोजी उठून आले तेव्हा मी स्वतःच त्यांना सांगितलं. बोलणं काढलं, मूळ कॅसेट कोरी केली, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पॅडवर लिहिलं, 'शेवटचं पुरं आलं?'

"आलं."

'मग झालं.'

"काका, तू काय बोलला होतास ते लिहून दे ना," बारकी म्हणाली. "थोडं थोडं. घाई नाही."

त्यांनी पेन्सिल उचलली. लिहिलं, 'आठवत नाही. ऐकता ऐकता सुचत गेलं.' मग तिला खूण केली, लाव.

तिनं कॅसेट पहिल्यापासून लावली. पहिलं गाणं संपलं तसं भावोजींनी बोट वर केलं, तिच्याकडे वळले आणि त्यांचं तोंड उघडलं. ओठ हलले. दोन सेकंद झाले आणि पुढचं गाणं सुरू झालं. त्यांनी बोट खाली घेतलं. दुसऱ्या गाण्यानंतर पुन्हा तसंच. तिसऱ्यानंतरही. बटण दाबून टेप थांबवावा असं माझ्या मनात येत होतं, पण थांबवून तरी आम्ही काय ऐकणार होतो? मी बसून राहिले.

पुढे ते तीन वर्षं होते. दुकानातही परत गेले, तिथे बोलायची गरज नव्हती. पण मला ती दुपारच डोळ्यांसमोर येते. पाचव्या गाण्यानंतर त्यांनी बोट उचललं नाही. हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले. बारकी मात्र गाणं संपलं की दर वेळी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, चोविसाव्यापर्यंत.